एका छपराखाली सहा चुली

चपला काढू नका. इथे तशी रीत नाही, आणि आजच्या गर्दीत काढल्यात तर परत मिळायच्या नाहीत. डोक्यावर ही तांबडी तुर्की टोपी चढवा, म्हणजे तुमच्याकडे फारसं कुणी बघणार नाही. खिशातला फोन मात्र घरी ठेवून या. तुम्ही निघालाय जेरुसलेमला, २० एप्रिल १९००च्या दुपारी. मुक्काम एका रात्रीचा आहे आणि बाहेरून कुलूप लागणार आहे, तेव्हा भाकरी, ऑलिव्ह आणि थोडं पाणी सोबत घ्या.

गल्ली इतकी अरुंद आहे की समोरून गाढव आलं की भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. फरशी लाखो पावलांनी घासून गुळगुळीत झालीय, त्यात कुणीतरी नुकतंच पाणी सांडलंय. डावीकडे मेणबत्तीवाले, उजवीकडे मेणबत्तीवाले, आणि प्रत्येकाला वाटतंय की तुम्ही त्याच्याकडेच घ्यावी. एक जुडी घ्याच. बारीक, पिवळ्या, मधाच्या वासाच्या ३३ मेणबत्त्या एकत्र बांधलेल्या असतात. येशूच्या आयुष्याच्या जितक्या वर्षांची परंपरा सांगते, तितक्या. उद्या ती जुडी हातात नसेल, तर पंगतीत पत्रावळीशिवाय बसल्यासारखं होईल.

गल्ली संपते आणि एकदम अंगण लागतं. समोरचं ते काळवंडलेलं दगडी दार म्हणजे पवित्र कबरेचं चर्च. येशूला क्रुसावर दिलं ती टेकडी आणि त्याला ठेवलं ती कबर, दोन्ही जागा याच एका छपराखाली आहेत, असं इथे जमलेले लोक शतकानुशतकं मानत आलेत. म्हणजे जगभरच्या ख्रिस्ती माणसाचं हे मूळ घर म्हणायचं. आत पाऊल टाकण्यापूर्वी जरा वर बघा. दारावरच्या उजव्या खिडकीखाली, कंगोऱ्यावर, एक साधी लाकडी शिडी टेकलेली दिसते ना? गवंडी जेवायला गेला असेल आणि विसरला असेल, असं वाटतं. पण १७२८च्या एका चित्रातही ती तिथेच आहे. ती काढायची तर घरातल्या सगळ्या हिस्सेदारांची संमती लागते. तेव्हा गवंड्याची वाट बघू नका, आत चला.

दारात शिरल्या शिरल्या डावीकडे बाकावर गालिचा घालून दोन-चार माणसं कॉफी पीत बसलीत. वेलदोड्याचा वास येतोय. त्यांना पाद्री समजून वाकू नका, ते मुसलमान आहेत. या चर्चची किल्ली जूदेह घराण्याकडे आणि दार उघडण्या-लावण्याचा मान नुसैबा घराण्याकडे, हे शेकडो वर्षं चालत आलंय. कारण ऐकलंत तर हसू येईल आणि लगेच मावळेल. ख्रिस्ती पंथांपैकी एकाच्या हातात किल्ली दिली तर बाकीचे झोपणार नाहीत. भाऊबंदकी विकोपाला गेली की गावात काय करतात? घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवतात. तेच हे.

आता डोळे अंधाराला सरावू द्या. समोर जमिनीलगत एक तांबूस दगडी शिळा आहे. बायका गुडघ्यांवर बसून तिच्यावर अत्तराचं पाणी शिंपडतायत, रुमालाने पुसतायत आणि तो रुमाल छातीशी धरतायत. क्रुसावरून उतरवलेल्या देहाला इथे सुगंधी द्रव्यं लावली, अशी श्रद्धा. शिळेवर दिवे टांगलेत. तुम्हाला ते नुसते दिवे दिसतात, पण इथल्या माणसाला त्यात वाटणीपत्र दिसतं: हा ग्रीकांचा, हा लॅटिनांचा, तो अर्मेनियनांचा, तो कॉप्टांचा. थोडं पुढे, मोठ्या घुमटाखाली, घराच्या आत घर बांधावं तशी संगमरवराची खोली आहे. तिच्यात कबर. आत चार माणसं दाटीवाटीने उभी राहतील एवढीच जागा, आणि छताला ४३ दिवे. १३ ग्रीकांचे, १३ लॅटिनांचे, १३ अर्मेनियनांचे, ४ कॉप्टांचे. पुन्हा मोजलेत तरी तेवढेच भरतील. चव्वेचाळिसावा लावायची कुणाची छाती नाही.

या वाड्याचे हिस्सेदार सहा. ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमचे लॅटिन म्हणजे तपकिरी झग्यातले फ्रान्सिस्कन, आणि टोकदार काळ्या टोप्यांचे अर्मेनियन हे तिघे थोरले. इजिप्तचे कॉप्ट, सुरियानी आणि हबशी म्हणजे इथिओपियाचे, हे तिघे धाकटे. कॉप्टांना कबरेच्या पाठीमागे चिकटून एक कपाटाएवढं देवघर मिळालंय. सुरियानींच्या वाट्याला घुमटाच्या पश्चिमेची एक काळवंडलेली खोली आहे, पण तिच्या मालकीवर अर्मेनियनांचाही दावा आहे. हबश्यांचं सांगतो नंतर. त्यांच्यासाठी जिना चढावा लागेल.

आज दिवस कोणता, हे इथे जपून विचारा. ग्रीक म्हणतील उत्तम शुक्रवार, आणि शोकात बुडालेला त्यांचा चेहरा ते सांगतोही आहे. फ्रान्सिस्कनाला विचारलंत तर तो म्हणेल, आमचं ईस्टर गेल्या रविवारीच झालं. दोघांची पंचांगं वेगळी. एकाच कबरेतून एकाचा प्रभू उठून पाच दिवस झाले आणि दुसऱ्याचा आज संध्याकाळी पुरला जायचाय. एका घरात गुढी उतरून श्रीखंड संपलं, आणि मधल्या भिंतीपलीकडे अजून फाल्गुन चाललाय, असा प्रकार.

दाराकडून खडखडाट ऐकू आला ना? बाहेरून कुलूप पडलं. आता सकाळपर्यंत तुम्ही आत. घाबरू नका, सोबतीला शेकडो लोक आहेत.

खांबापाशी जागा पकडा. शेजारी रशियाच्या कुठल्याशा खेड्यातली एक आजीबाई बसलीय. अंगात मेंढीच्या कातड्याचा कोट, पायांत जाड बूट, आणि एप्रिलच्या या उकाड्यात त्यातून येणारा वास तुम्हाला पहाटेपर्यंत पुरेल. तिच्या गाठोड्यात एक पांढरं कापड आहे. उद्या कबरेतून निघणाऱ्या पवित्र ज्योतीने पेटलेल्या मेणबत्त्या त्याच्यावर विझवून ती ते गावी नेणार, स्वतःचं कफन म्हणून. मरणाची इतकी टापटीप तयारी करून आलेली बाई तुम्हाला सुकलेल्या पावाचा तुकडा देते. घ्या. नाही म्हटलंत तर तिला वाईट वाटेल.

पलीकडे अनातोलियाचं एक अर्मेनियन कुटुंब, त्यांचं तान्हं बाळ कुरकुरतंय. त्यांच्यामागे कांदा सोलणारे दोन कॉप्ट शेतकरी. तेलाचे दिवे, ऊद, घाम, लसूण, मेण, ओले दगड. पहिला तासभर नाक तक्रार करतं, मग गप्प बसतं. रात्री ग्रीकांची मिरवणूक निघते. प्रभूचा देह भरतकाम केलेलं वस्त्र शिळेवर पसरतात, वर फुलांच्या पाकळ्या पडतात, आणि ती रशियन आजीबाई हुंदके देऊन रडते. काल कुणी तिच्या घरचं गेलं असावं, तशी.

मध्यरात्र उलटली की लाकडी पट्ट्यांवर ठोके पडतात. ग्रीकांची उपासना सुरू झाली. ती संपते न संपते तोच अर्मेनियन येतात, आणि त्यांच्यानंतर लॅटिन. प्रत्येकाची वेळ ठरलेली, प्रत्येकाची धूप फिरवायची वाट ठरलेली. कुणी कुठल्या खांबापाशी थांबायचं आणि कुठे न थांबता पुढे जायचं, तेही ठरलेलं. याला इथे ‘जैसे थे’ म्हणतात. आपल्याकडे कोर्टातून मिळतो तो हुकूम इथे तुर्की सुलतानाच्या फर्मानातून मिळालाय, आणि त्यावर घर चाललंय.

या ‘जैसे थे’चा खरा मजकूर तुम्हाला पहाटे कळेल. एक तरुण साधू झाडू घेऊन येतो. त्याच्याकडे नीट बघा. फरशी झाडत झाडत तो एका सांध्यापाशी येतो आणि थांबतो. पुढे दोन बोटांवर मेणाचा गोळा पडलाय, पण झाडू पुढे जात नाही. ती फरशी त्याची नाही. इथला कायदा सोपा आहे: जो झाडतो तो मालक. जो खिळा ठोकतो, भिंतीचा पोपडा दुरुस्त करतो, दिव्यात तेल घालतो, तो मालक. शेताचा बांध दरवर्षी वीतभर कोरणाऱ्या शेजाऱ्याला ही वहिवाट समजावून सांगावी लागणार नाही. म्हणून इथे एकाला छप्पर गळताना दिसलं तरी त्याने कौल सारायचं नाही. बाकीचे त्याला हात लावू देणार नाहीत, कारण आज कौल सारलं तर उद्या तो छप्पर आपलं म्हणेल. तुमच्या डोक्यावरचा तो मोठा घुमट मोडकळीला आला, तेव्हा एकाही पंथाला तो बांधू दिला गेला नाही. शेवटी तुर्की, फ्रेंच आणि रशियन सरकारांनी मिळून तो उभारला, १८६८ साली.

उजाडायच्या आत पाय मोकळे करायला गाभाऱ्यामागच्या वाटेने एक फेरी मारा. तिथे अर्मेनियनांचं एक लहान देवघर आहे. येशूची वस्त्रं शिपायांनी वाटून घेतली, त्याची आठवण म्हणून ते बांधलंय. शुभवर्तमानात योहान सांगतो की त्याचा अंगरखा बिनशिवणीचा, सलग विणलेला होता. शिपायांनी तो फाडला नाही, चिठ्ठ्या टाकल्या. क्रूस ठोकणाऱ्या हातांनाही सलग कापड फाडायचं जिवावर आलं. त्याच योहानाने असंही लिहून ठेवलंय की अटकेच्या रात्री, याच शहरात, येशूने आपल्या माणसांसाठी मागणं केलं ते त्यांच्या एकपणाचं. कबरेतले ते ४३ दिवे क्षणभर आठवा, आणि मग पुढे चला. इथे फार वेळ उभं राहवत नाही.

शनिवारची सकाळ. आता कसोटी तुमच्या बरगड्यांची. दार उघडलं आणि लोंढा आत आला. गॅलऱ्यांत माणसं, खांबांच्या बैठकांवर माणसं, माणसांच्या खांद्यांवर माणसं. तुर्की शिपाई बंदुका आडव्या धरून कबरेभोवती रांगा करतायत, म्हणजे ग्रीक आणि अर्मेनियन एकमेकांच्या अंगावर जाणार नाहीत. हात छातीशी घ्या आणि कोपर बाहेर काढा, श्वासाला तेवढीच जागा राहते. १८३४ साली याच दिवशी इथे चेंगराचेंगरीत शेकडो माणसं गेली, हे आत्ता आठवू नका.

सगळे दिवे विझवले गेलेत. कबरेच्या खोलीची झडती झाली, दाराला मेणाची मोहोर लागली. अरब ख्रिस्ती तरुण एकमेकांच्या खांद्यांवर चढून ढोलाच्या तालावर आरोळ्या ठोकतायत. गोविंदांची आठवण झाली ना? फक्त वर हंडी नाही. आरोळ्यांमध्ये प्रभूचं नाव आहे, आणि मधूनमधून दुसऱ्या पंथाला टोमणेही आहेत. कोण आत आधी जाणार, कोण किती पावलं मागे राहणार, यावरून मागच्या बाजूला दोघांनी एकमेकांची गचांडी धरलीय.

ग्रीक पेट्रिआर्क दमियानोस येतात. कबरेला तीन फेऱ्या होतात, भरजरी वस्त्रं उतरतात, नुसत्या पांढऱ्या झग्यात ते आत जातात. सोबत एक अर्मेनियन धर्मगुरू. दार लागतं. आणि इतका वेळ छप्पर उडवणारी ती गर्दी अचानक मुकी होते. बाळाचं कुरकुरणंसुद्धा थांबलंय. तुमच्या मानेवरून घामाचा थेंब घरंगळतो, पण पुसायला हात वर काढता येत नाही.

भिंतीतल्या लंबगोल भोकातून ज्वाळा बाहेर येते. उत्तरेच्या भोकातून ग्रीकांना, दक्षिणेच्या भोकातून अर्मेनियनांना. कॉप्ट आणि सुरियानींनी ती अर्मेनियनांकडून घ्यायची, हेही ठरलेलं आहे. पण इथपर्यंतच. पुढचं कुणाला ठरवता आलेलं नाही.

कारण आता आग हातोहात पळत सुटलीय. घंटा, ढोल, रडणं, हसणं सगळं एकदम. त्या रशियन आजीने तुमच्या जुडीला स्वतःची जुडी टेकवली आणि तुमच्या ३३ वाती फुर्रकन पेटल्या. तुम्ही वळलात आणि मागच्या अर्मेनियन बापाची पेटवलीत. त्याने कॉप्ट शेतकऱ्याची. विचारलंत का कुणाला, पंथ कोणता? विचारायला सवडच नव्हती. अर्ध्या मिनिटात अंधाराचं घर भट्टी झालंय. लोक ज्योतीवरून तळवे फिरवून चेहऱ्याला लावतायत, ही आग पहिली काही मिनिटं भाजत नाही म्हणतात. तुम्ही मात्र जपा, तुमच्या टोपीचा गोंडा जळतोय.

दहा मिनिटांनी दारात पुन्हा ढकलाढकली सुरू होते. धर्म तोच आहे आणि माणसंही तीच आहेत. आता फक्त सवड मिळालीय.

रात्री तो जिना चढा, हबश्यांकडे जायचं राहिलंय. एके काळी त्यांचेही खाली हक्क होते. कर भरायला पैसा नव्हता, वजन टाकायला राजा जवळ नव्हता, एकेक कोपरा हातचा गेला आणि ते गच्चीवर आले. सेंट हेलेनाच्या देवघराचा घुमट जमिनीतून वर आलेला दिसतो, त्याच्याभोवती मातीच्या ठेंगण्या झोपड्या आहेत. या गच्चीवरूनही कॉप्टांशी वाद आहेच. पण आज पांढऱ्या वस्त्रांतले हे सावळे साधू, रंगीत छत्र्या धरून, मोठ्या ढोलांवर थाप देत त्या घुमटाभोवती फेऱ्या घालतायत. वरती थंड वारा, चांदण्या. एक म्हातारा तुम्हाला बसायला दगड पुसून देतो. अख्ख्या घरात ज्याच्या वाट्याला काहीच आलेलं नाही, त्याच्याकडेच पाहुण्याला ऐसपैस बसायला मिळालं.

आता परत निघू. वाटेत तीन-चार ठिकाणी काळयंत्र हळू करतो, उतरायचं नाही. १९०१चा नोव्हेंबर: अंगणातल्या एका जिन्याची सगळ्यांत खालची पायरी. ती जिन्यात धरायची की अंगणात? जिना लॅटिन झाडतात, अंगण ग्रीक झाडतात. यावरून काठ्या-दगड चालले, फ्रान्सिस्कनांची डोकी फुटली. १९४७: भूकंपाने हललेल्या कबरेच्या खोलीला इंग्रजांनी बाहेरून लोखंडी तुळयांचा पिंजरा घातलाय, कारण कुणी दुरुस्त करायचं यावर घरच्यांचं एकमत नाही. २००२: गच्चीवरच्या एका कॉप्ट साधूने उन्हातली खुर्ची सावलीत सरकवली, आणि मारामारीत ११ जण इस्पितळात गेले.

आणि २०१५: पोलिसांनी कबरेची खोली धोकादायक म्हणून काही तास बंद केली. तेव्हा कुठे तिघे थोरले जाग्यावर आले. कागदावर तिघांच्या सह्या झाल्या, अथेन्सहून तज्ज्ञ आले, दगड सुटे करून पुन्हा बसवले गेले, पिंजरा निघाला, आणि २२ मार्च २०१७ला खोली पुन्हा उघडली. त्या दिवशी पंथांमधला धर्माचा एकही वाद मिटला नव्हता. कुणी कुणाची श्रद्धा मान्य केली नव्हती. छप्पर सगळ्यांच्याच डोक्यावर पडणार आहे एवढंच मान्य केलं, आणि तेवढं पुरलं.

घरी जायच्या आधी शेवटचा थांबा, नागपूर, २९ नोव्हेंबर १९७०. थंडीचे दिवस. इथेही हिस्सेदार सहाच आहेत: अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट, डिसायपल्स, आणि युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की कळत्या माणसाला, बिशप हवा की नको, यावर १९२९पासून बोलणी चाललीत. म्हणजे बोलणी सुरू झाली तेव्हाची तरुण मंडळी आता आजोबा आहेत. एक मोठा मेथडिस्ट गट अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर पडला, त्याची हळहळही आहे. तरी आज सहांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया होते. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती ठेवल्या. भांडणाचा विषय संपला नव्हता, त्याला घरातच जागा करून दिली गेली. ज्यांची शाखा अमेरिकेत फुटली आणि ज्यांची इंग्लंडात, त्यांच्या नातवंडांनी ती फूट आपल्या गावात का सांभाळायची, हा प्रश्न इथे कुणीतरी विचारला. जेरुसलेमच्या वाड्यात तो विचारायला अजून सवड झालेली नाही.

आलं तुमचं घर. टोपी परत द्या. कपड्यांना मेणाचा वास दोन दिवस येईल.

कधी खरोखरच जेरुसलेमला गेलात तर उजव्या खिडकीखाली बघा, शिडी तिथेच आहे. पायरीवर कचरा दिसला तरी झाडू उचलू नका, आधी पायरी कुणाची ते विचारा. पण आपल्या गावात शेजारच्या मंडळीचं, दुसऱ्या पंथाचं, अंगण रविवारी सकाळी पाचोळ्याने भरलेलं दिसलं, तर बेलाशक झाडून या. फक्त झाडू घेऊन परत यायला विसरू नका.